बाहेरचं पाणी

प्रसेनजितची गाडी अंगणात थांबली आणि तिच्यातून सगळ्यांत आधी पाणी उतरलं. नात नाही, सून नाही. सीलबंद बाटल्यांची खोकी. भागिरथा पाय धुवायला बादली आणि प्यायला तांब्या घेऊन दारात उभी होती. तिचा सख्खा लेक तिला ओलांडून खोकी आत नेत राहिला. ती भिंतीशी रचून झाल्यावर त्याने खिशातून एक कुपी काढली, उग्र वासाचं काहीतरी हातांना चोळलं, मग वाकून आईच्या पायांना हात लावला. आणि उठल्यावर पुन्हा चोळलं.

भागिरथाने ते पाहिलं. तांब्या तिने जरा जोरातच खाली ठेवला.

प्रसेनजित पुण्यात एका कंपनीत मॅनेजर होता. बायको-मुलीला घेऊन तो चिखलदऱ्याला उन्हाळ्याच्या सुट्टीवर निघाला होता. समृद्धी महामार्गावरून शेलूबाजारला उतरलं की गाव हाकेच्या अंतरावर, म्हणून मध्ये काही दिवस आईकडे मुक्काम. थोडक्यात, आई वाटेवर पडत होती म्हणून आईकडे येणं झालं. सहलीची तयारी मात्र त्याने लढाईवर निघाल्यासारखी केली होती. प्रवासात पोट बिघडलं की सुट्टी मातीत गेली, हे त्याने कुठल्याशा व्हिडिओत ऐकलं होतं, आणि तेव्हापासून तो त्या विषयातला स्वयंघोषित डॉक्टर झाला होता.

खाटेवर बसून त्याने आईला नियम ऐकवले. बाहेरचं पाणी प्यायचं नाही. बाहेरचा बर्फ नाही, कापलेलं फळ नाही, कच्ची कोशिंबीर तर अजिबात नाही. दात घासायचे तेसुद्धा बाटलीच्या पाण्याने. बोलताना तो एकेक बोट दुमडत होता, आणि भागिरथा त्याच्या तोंडाकडे नाही, त्या बोटांकडे बघत होती.

"बाहेरचं म्हंजे कोनतं?" तिने विचारलं.

"म्हणजे आपलं सोडून सगळं."

"अन् आपलं कोनतं?"

त्याने भिंतीशी रचलेल्या खोक्यांकडे बोट दाखवलं. अगदी सहज. ज्या घरात तो जन्मला, ज्या घरातल्या रांजणात वाकून, पेला बुडवून लहानपणी घटाघटा पाणी प्यायचा, ते घर एका बोटासरशी बाहेरचं झालं, आणि हे त्याच्या गावीही नव्हतं.

"लय शिकला बाप्पा तू," भागिरथा म्हणाली आणि चुलीकडे वळली.

तिला या सुट्टीतून एकच गोष्ट हवी होती. नातीने, पौर्णिमाने, तिच्या हातचं पोटभर जेवावं. पोरगी पहिलीत जाण्याएवढी झाली, पण या घरातला एक घास आजवर तिच्या पोटात गेला नव्हता. मागे आली होती ती जवळच्या मालेगावला एका लग्नासाठी. तिथे मांडवाबाहेर बापानेच तिला गाडीवरचा बर्फाचा गोळा घेऊन दिला आणि पोरीला उलट्या सुरू झाल्या. दोष मात्र आला भागिरथाच्या घरावर, जिथे ती फक्त झोपायला आली होती. त्यानंतर लेक गावाकडे फिरकलाच नाही. या उन्हाळ्यात येतो म्हणाला, तेव्हा भागिरथाने सरगुंडे करायला घेतले. गव्हाच्या पिठाची बारीक वळी काडीवर गुंडाळायची, काढायची, उन्हात वाळवायची. पाठीचा काटा ढिला होतो या कामात. पण उकडलेले सरगुंडे आणि त्यावर आमरस हे प्रसेनजितचं लहानपणीचं वेड होतं. बापाचं वेड पोरीला लावून द्यावं, एवढाच तिचा बेत होता.

सून पल्लवी पुण्यातच वाढलेली. तिच्याविषयी भागिरथाचं मत लग्नापासूनच बरं नव्हतं, या खेपेला ते आणखी उतरलं. सुनेने येताना विजेची शेगडी आणली होती. तिच्यावर ती बाटलीच्या पाण्यात मुगाची खिचडी शिजवायची आणि बाटलीच्याच पाण्याने ताटल्या विसळायची. अंघोळ तेवढी घरच्या पाण्याने, पण पोरीला ताकीद होती, तोंड घट्ट मिटून. पौर्णिमा न्हाणीतून गाल फुगवून, श्वास कोंडून बाहेर यायची. रिकाम्या बाटल्यांचा अंगणात ढीग झाला. शेजारची रुपाबाई त्यातल्या चांगल्या बघून घेऊन गेली, वावरात जाताना विहिरीचं पाणी भरून न्यायला.

"काहून वं, एवढं काय हाय तुह्या पान्यात?" रुपाबाईने विचारलं.

"माह्या पान्यात मी हाव ना," भागिरथा म्हणाली.

तरी तिने नाद सोडला नाही. दुपारी आंबे पिळले, सरगुंडे उकडले, वर तुपाची धार सोडली आणि ताट पौर्णिमाच्या पुढ्यात ठेवलं. पोरीने बोट बुडवायला हात पुढे केला, तोच प्रसेनजितने ताट अलगद, अगदी सभ्यपणे उचलून बाजूला ठेवलं.

"आई, कापलेलं फळ नाही म्हटलं होतं ना."

"कापलं कोनं? पिळलं."

"हातानेच ना? तेच तर सांगतोय."

भागिरथाने आपल्या हातांकडे पाहिलं. निंदण करकरून बोटं वाकडी झाली होती, पण हात स्वच्छ होते, साबण लावून धुतलेले. "याच हातानं तुले लहानाचा मोठा केला."

"तेव्हा पर्याय नव्हता, आई."

तो चिडून बोलला असता तर बरं झालं असतं. तिने एक कानफटात ठेवून दिली असती. पण तो समजावून सांगत होता, ऑफिसात हाताखालच्या माणसाला सांगावं तसं. पल्लवीने पोरीपुढे खिचडी ठेवली. पोरगी रसाच्या ताटाकडे बघत बघत खिचडी चिवडत बसली. शेवटी भागिरथाने ते ताट रुपाबाईकडे पाठवून दिलं आणि स्वतः रागारागाने भाकरी-ठेचा खाल्ला.

संध्याकाळी इंद्रभानचा निरोप आला. साहेबांना घेऊन चहाला या.

इंद्रभान म्हणजे गावातला मोठा शेतमालक. भागिरथाचा नवरा ग्यानबा, आता हयात नाही, त्याच्याकडे सालगडी होता, आणि भागिरथाने उमेदीची सगळी वर्षं त्याच्या वावरात निंदण केलं. उन्हात तहान लागली की या मोहल्ल्यातल्या बाया बांधावर ओणव्या होऊन ओंजळ पुढे करायच्या, आणि इंद्रभानची आई वरून पाणी सोडायची, भांड्याचा काठ हाताला लागू नये एवढ्या उंचीवरून. निम्मं पाणी मातीत जायचं. पुढे ती म्हातारी गेली, ओंजळीही गेल्या, पण त्या घराचा ओटा चढून आत या असं बोलावणं काही कधी आलं नाही. ते आता आलं, कारण इंद्रभानचा मुलगा शिवम इंजिनियर होऊन घरी बसला होता आणि त्याला पुण्यात कुठेतरी चिकटवायचं होतं. परवापरवापर्यंत 'भागिरथे' म्हणून हाक मारणारा माणूस आता 'भागिरथाबाई' म्हणत होता. तिला हे सगळं स्वच्छ दिसत होतं. प्रसेनजितला दिसत नव्हतं, किंवा दिसत असून बघायचं नव्हतं. त्याने बॅगेतून इस्त्रीचा शर्ट काढला.

"मी म्हनतो, जा कायले लागते?" भागिरथा म्हणाली.

"आई, बोलावलंय त्यांनी. घरात बोलावलंय."

'घरात' हा शब्द त्याने असा उच्चारला की भागिरथाला त्याच्यासाठी लाज वाटली.

इंद्रभानने सगळ्यांना आतल्या खोलीत सोफ्यावर बसवलं. त्याची बायको प्रयागबाई ट्रेमध्ये पाण्याचे पेले घेऊन आली. मागच्या पडवीत रांजण होता आणि ती पेले कसे भरत होती ते बसल्या जागेवरून दिसत होतं: पेला थेट रांजणात, बोटांसकट. भागिरथाला वाटलं, आता निघणार बाटली. ती सरसावून बसली. मोठ्या घरच्या पाण्याला आपल्या लेकाने नको म्हटलेलं बघायला तिला फार आवडलं असतं.

प्रसेनजितने पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला.

"वा," तो ओठ पुसत म्हणाला, "रांजणाच्या पाण्याची चवच वेगळी."

भागिरथा त्याच्याकडे बघतच राहिली. घरी तिचाही रांजण होता, तिचा रोज घासलेला, वर फडकं बांधलेला. त्याच्याकडे या बहाद्दराने आल्यापासून ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

मग चहाआधी कैरीचं पन्हं आलं, वर बर्फाचे खडे तरंगत. "खास तुमच्यासाठी, साहेब," इंद्रभान म्हणाला. "शिवमले शेलूबाजारले पाठोलं. लादी पोत्यात बांधून मोटारसायकलवर घेऊन आला." पोत्यातून आलेला तो बर्फ प्रसेनजितने कडाकडा चावून खाल्ला आणि दुसरा पेला मागितला. तो हसत होता, शिवमचं नक्की बघतो म्हणत होता, आणि दर वाक्याला एकदा 'काका' म्हणत होता. पुण्यातला मॅनेजर त्या सोफ्यावर बसून एखाद्या पोरासारखा खुलला होता. भागिरथाला वाटलं, याला आता पाटी-पेन्सिल दिली तर हा गुण मिळवायलाही बसेल.

पल्लवीने मात्र ट्रेला हात लावला नाही. तिने पिशवीतून बाटली काढली. "आम्ही बाहेरचं पाणी पीत नाही, काकू," ती म्हणाली. भागिरथाच्या घरात ती ज्या आवाजात हे म्हणायची त्याच आवाजात, ना जास्त गोड, ना जास्त तुसड्या.

प्रयागबाईचा चेहरा पडला. प्रसेनजितचा त्याहून पडला. "अगं घे, एवढ्याने काय होतंय," तो वरवर हसत, डोळे वटारून म्हणाला. "पौर्णिमा, तू घे बरं पन्हं. आजीने दिलंय ना?"

आजी. भागिरथा तिथेच बसली होती, आणि तो प्रयागबाईला आजी म्हणत होता.

"ती नाही पिणार," पल्लवी म्हणाली आणि पोरीच्या हातातला पेला काढून ट्रेमध्ये ठेवला.

भागिरथाने सुनेकडे नीट पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच. ही बाई तिला हट्टी वाटायची, नकचढी वाटायची, आणि ती होतीच तशी. पण हिचा नियम दोन्ही घरांना एक होता. भागिरथाने स्वतःपुढचा पेला उचलून दोन घोट घेतले. पाणी पाण्यासारखं होतं. एवढ्यासाठी आपल्याला बांधावर ओणवं केलं या लोकांनी, असं मनात येऊन तिला संताप आला.

परतताना पल्लवी पोरीचा हात धरून पुढे चालत होती. भागिरथाने लेकाला मागे गाठलं.

"तुह्ये नियम कुठी गेले रे?"

"आई, त्यांच्या घरी पाणी नको म्हणायचं?" त्याचा आवाज जड झाला होता. "बाबांना त्यांनी कधी ओटा चढू दिला नाही. तुला वरून पाणी ओतायचे. आज त्याच घरात मला सोफ्यावर बसवून ट्रेमध्ये पाणी देतात. ते मी नाकारू? ते तर प्यायलाच पाहिजे होतं."

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. ग्यानबाची आठवण निघाली तशी भागिरथाची पावलं मंदावली. क्षणभर तिला वाटलं, जाऊ दे, पोरगा बापासाठी प्यायला. पण मग दुपारचं ताट आठवलं.

"अन् माह्या घरचं?"

"तुझं काय, आई. तू तर घरचीच आहेस."

आईचं घर बाहेरचं आणि आई घरची. असा हिशोब करणाऱ्याला कंपनीने मॅनेजर कसं केलं हे भागिरथाला कळेना. "म्हंजे ज्याह्यनं पाजलं नाई त्याह्यचं पेवा लागते," ती म्हणाली, "अन् जिनं पाजलं तिचं सोडलं तरी जमते." त्याने हे ऐकलं की नाही कोण जाणे. तो मोबाइलवर शिवमचा नंबर टिपून घेत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी संडासाची वाट धरली, ती काही केल्या सोडेनात. सगळी सभ्यता गेली, पुणेरी भाषा गेली. 'आई' म्हणणारा लेक आतून 'माय वं, माय' करून कण्हत होता. पल्लवीने त्याच्याच बॅगेतली मीठ-साखरेची पुडी त्याच्याच बाटलीत कालवून त्याला पाजली. ऊन वर येईपर्यंत तो खाटेवर चिपाड होऊन पडला, आणि चिखलदऱ्याचं हॉटेल फोन करून रद्द करावं लागलं. भागिरथाने त्याच्या कपाळावर ओला फडका ठेवला, पाय चेपून दिले. तिला त्याची कीव आली, लेकच तो. पण त्या कीवेत आदराचा थेंब नव्हता.

गावात अशी बातमी लपत नाही. इंद्रभान स्वतः विचारपूस करायला आला. भागिरथाने खाटेजवळ खुर्ची मांडली, ती त्याने "इथं हवा लागते" म्हणत दारापाशी ओढून घेतली. आल्या माणसाला आधी पाणी द्यायचं, म्हणून ती घासलेल्या पेल्यात पाणी घेऊन आली.

"नाई नाई, आताच पेऊन निंगालो घरून," इंद्रभान म्हणाला.

"मंग च्या मांडतो."

"च्या सोडली मी. शुगर हाय."

काल संध्याकाळी त्याने साखरेचा चहा दोनदा घेतला होता, यांच्यादेखत. भागिरथाला नवल वाटलं नाही. या घरचं पाणी तो आजवर कधी प्यायला नव्हता आणि पिणारही नव्हता. ती हातात भरला पेला घेऊन तशीच उभी राहिली आणि तिने खाटेकडे पाहिलं. प्रसेनजितने सगळं बघितलं होतं. त्याची नजर त्या पेल्यावर क्षणभर अडकली, आणि मग त्याने ती छताकडे वळवली.

"काय बाधलं म्हनावं, साहेब?" इंद्रभानने विचारलं. त्याच्या आवाजात खरी काळजी होती, शिवमच्या नोकरीची. "आमच्या इथचं तर नाई ना काई?"

"छे छे, काका," प्रसेनजित कोपरावर उठत म्हणाला. "तुमच्याकडचं काय बाधणार? आईने आग्रह केला. सरगुंडे आणि आमरस जरा जास्तच झाला."

इंद्रभानचा जीव भांड्यात पडला. "मंग बराबर हाय. भागिरथाबाई, शहरातल्या मानसाईले झेपत नाई बरं तुमच्या लोकाईचं. हातगीत नीट धुवावं, पानी उकळावं जरा."

भागिरथाला आयुष्यात पुष्कळांनी पुष्कळ ऐकवलं होतं, आणि त्यातलं बरंचसं याच इंद्रभानने. ते तिने गिळलं होतं, कारण तेव्हा पोटाला लागायचं. पण आज ऐकवून घेण्याची सोय तिच्याच लेकाने, तिच्याच घरात, तिच्याच खाटेवर लोळत करून दिली होती. तिला त्याची शिसारी आली. तिने पेला खाली ठेवला.

"इंद्रभानभाऊ," ती म्हणाली. आजवर ती त्याला मालक म्हणायची. "हा आला तवापासून यानं माह्या घरचा घास खाल्ला नाई. पान्याचा थेंब पेला नाई. जे खाल्लं-पेलं ते तुमच्या सोफ्यावर. तुमच्या शिवमचं काम करून देईन हा, त्याची फिकीर नोका करू. पन हात धुवाचं मले नोका शिकवू."

इंद्रभानने घसा खाकरला, "आराम करा साहेब" असं पुटपुटला आणि पायांनी चपला शोधत निघून गेला.

"आई, काय हे," प्रसेनजित म्हणाला. "त्यांना किती वाईट वाटलं असेल."

"वाटू दे."

पल्लवी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. नवऱ्याकडे न बघता ती सासूकडे वळून म्हणाली, "आई, सरगुंडे शिल्लक आहेत का? मी मोठं पातेलं शेगडीवर ठेवते. पाणी चांगलं खळखळू दे. ताटली, चमचा त्यातच बुडवून काढू. आंबे आणि हात माझ्यासमोर धुवा, मग रस काढा. पौर्णिमा जेवेल."

माझ्यासमोर धुवा. भागिरथाच्या कपाळाची शीर उडाली. पण मग तिच्या ध्यानात आलं, की ही बाई प्रयागबाईलाही हेच म्हणाली असती, तोंडावर. "उकळ," ती म्हणाली. "जेवढं उकळाचं तेवढं उकळ."

पाणी उकळलं, भांडी त्यातून निघाली, भागिरथाने सुनेच्या डोळ्यांदेखत कोपरापर्यंत हात धुतले आणि आंबे पिळले. पौर्णिमा पाटावर बसली. पहिला सरगुंडा तिच्या बोटांतून निसटला, दुसरा आजीने भरवला. पोरगी चावता चावता थांबली, आजीकडे बघितलं आणि तोंड उघडून पुढे सरकली. तिच्या हनुवटीवरून रस ओघळत होता आणि पल्लवीने तो पुसला नाही. भागिरथाला इतकं बरं वाटलं की तिला काही सुचेना. ती नुसती भरवत राहिली.

वास बाहेरच्या खोलीत गेला असावा. खाट करकरली.

"माय," प्रसेनजितचा बारीक आवाज आला, "मलेही दे वं थोडं. नुसती चव पाह्यतो."

"तुले कायले?" भागिरथा हात न थांबवता म्हणाली. "तू तं खाल्ले ना. जास्तच झाले तुले."

आणि तिने पुढचा सरगुंडा रसात बुडवून नातीच्या तोंडात घातला.